चूलबंद आवतण

बाळारामदादा गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, त्यांच्या दारातल्या चपलांवरून ते कळलं. ठाण्याहून कॉलेज आटपून घरी येत होते. तिसऱ्या मजल्याचं वळण घेतलं आणि आमच्या समोरच्या दारात चपलांचा ढीग दिसला. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दादा आणि गुलाबवहिनी सहा-सात वर्षं राहिले. एवढ्या काळात त्या दारात दोन जोडांच्या वर काही दिसलं, तर मुलगी सुवर्णा आंबिवलीहून आली आहे असं आम्ही समजायचो. त्यामुळे तो ढीग बघून मी पायरीवरच थांबले. असं घर एकदम माणसांनी भरायला एकच कारण असू शकत होतं… आतून वहिनींचा आवाज आला, "ताई आल्या का बघा कोनी," आणि मग थांबून चालणार नव्हतं. दादा दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

संध्याकाळी स्मशानात त्यांच्या गावची माणसं आली. दोन टेम्पो भरून आली, शिवाय मोटारसायकली वेगळ्या. मलंगगडाच्या वाटेवरचं ते गाव, नाव लिहीत नाही. एवढी माणसं बघून मला भरून यायला हवं होतं. मला आला तो संताप. बाळाराम कसा दिलदार होता, त्याच्यासारखा गडी गावात झाला नाही, असं जो तो बोलत होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. कारण ह्याच गावाने ह्या माणसाला वाळीत टाकलं होतं, आणि ते गावातलं घर बंद करून आमच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आले ते त्याचमुळे.

आले तेव्हा ते फार विचित्र वाटायचे, हे सांगायलाच हवं. साठीच्या आसपासचा उंचापुरा माणूस, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. पण आमची बेल वाजवून झाली की दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहायचा. दार उघडलं की तिथूनच विचारायचा, "येऊ का?" आत आल्यावर कितीही आग्रह केला तरी दाराशेजारच्या खुर्चीवर बसायचा, तोही कडेला, उठून जायला सोपं पडेल असा. माझी आई वैतागून म्हणायची, "अहो, पाठ टेका की. खुर्ची काही चावत नाही." भाजी आणायला गेले की कोथिंबीर एकीकडे, मिरच्या दुसरीकडे आणि भेंडी तिसरीकडे घ्यायचे. मला वाटलं, चिकट माणूस आहे, भाव बघतो. एकदा बाजारात बघितलं तर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि एका फळवाल्याला विचारलं, "किती वाजले हो?" मी हसून म्हटलं, "दादा, घड्याळ बिघडलं की काय?" ते ओशाळले. मग म्हणाले, "घड्याल बरा हाय, ताई. कोन बोलतो का नाय ते बघतो."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसाला मारलं, शिव्या दिल्या, तर त्यात निदान तू आहेस एवढं तरी कबूल केलेलं असतं. त्याच्याकडे बघितलंच नाही तर तो आपण आहोत की नाही हेच चाचपत बसतो, असं मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मुलं ते परीक्षेपुरतं लिहून घेतात. त्या दिवशी भेंडीची पिशवी हातात धरून उभे असलेले दादा बघितले आणि आपण इतकी वर्षं हे किती कोरडं शिकवतोय असं वाटून गेलं.

हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. सलग कधीच नाही. एकदा चहा घेताना थोडं, एकदा लाईट गेले तेव्हा गॅलरीत थोडं. गावात दादांचं मोठं मानाचं काम होतं. लग्न असो, हळद असो, गावजेवण असो, त्याचं आवतण दारोदार द्यायला दादा जायचे. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मुठीत अक्षता. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, घरातल्या कर्त्या माणसाचं नाव खणखणीत घ्यायचं आणि सांगायचं, अमक्याच्या घरची हळद आहे, चूलबंद आवतण. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरातली चूल पेटता कामा नये, लहानथोर सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. आवतणाशिवाय कोणी कोणाकडे जायचं नाही, आणि आवतण आलं की वैर असलं तरी जायचं, असा रिवाज. "माजा आवाज आयकला का बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

शेजारी जयराम म्हात्रे राहायचे. दादांचे लहानपणापासूनचे दोस्त, दोघं एकत्र पोहायला शिकलेले. जयरामच्या मुलाची हळद होती आणि तिचं आवतणही दादांनीच सगळ्या गावाला दिलं होतं. त्याच आठवड्यात दादांची आई अंथरुणाला खिळली. हळदीच्या दिवशी दुपारपासून भिंतीपलीकडे डीजे सुरू झाला. आमच्याकडे हळदीला डीजे म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. खिडक्यांच्या काचा थरथरतात. दादा दोनदा जाऊन हात जोडून आले. थोडा वेळ आवाज कमी व्हायचा, पोरं नाचायला लागली की परत वाढायचा. "आई बोल्ली, बाला, माज्या छातीन वाजतंय रे… बंद कर ना," दादा सांगत होते. "मी काय करू? मी फोन लावला." पोलीस आले, डीजे उचलून घेऊन गेले. वऱ्हाड भरल्या मांडवात गप्प बसलं. नवऱ्या मुलाची हळद अशी सुतकासारखी लागली.

दोन दिवसांनी आई गेली. तिला न्यायला गाव आलं, म्हातारी सगळ्यांची होती. कोणी दादांशी बोललं नाही, पण अशा वेळी कोण बोलतं, असं त्यांना वाटलं. मग तेरावं आलं. सगळ्या गावाचं जेवण रांधलं, पंगती मांडल्या. दुपार उलटली, भात गार झाला, कोणी आलं नाही. गुलाबवहिनी दारात उभ्या राहून गल्लीकडे बघत होत्या. गल्लीतून बायका जात होत्या, पण मान खाली घालून. तेवढ्यात दादांच्या फोनवर दिसलं की त्यांना गावाच्या ग्रुपमधून काढून टाकलं आहे. गावकीची बैठक आदल्या संध्याकाळीच झाली होती. जो बोलेल त्याला दंड. ते सगळं जेवण त्यांनी कुठे नेलं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढचे महिने कसे गेले ते वहिनी सांगायच्या. दादा तेव्हा उठून गॅलरीत जायचे. किराणावाला सामान द्यायचा नाही, पिठाची गिरणी यांचं दळण बघून बंद पडायची, न्हावी घरी नसायचा. भजनाला बसल्या तर बाजूची बाई उठून पलीकडे जायची. "भांडलं असतं तर बरं वाटलं असतं," वहिनी म्हणायच्या, "पन भांडायला पन बोलायला लागतं ना." दादांनी त्यातही एक गंमत शोधली होती. जयरामचा कुत्रा रोज त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. "त्याला दंड लावला नाय कोनी. गावकीत त्याचं नावच नाय," असं म्हणून ते हसायचे. आम्हीही हसायचो. मी त्यांना म्हटलं, आता अशा बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तक्रार करता येते, मी येते पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर. त्यांनी मान हलवली. "एकदा बोलवला ना पोलीस. त्याच्यानंच तर झालं." गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. तिची दुसरी बाजू मला दादांमुळे कळली.

आता जरा माझ्या घराबद्दल. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या आयुष्यात गावाने बाहेर ठेवणं ही बातमी नव्हती, ती रोजची हवा होती. म्हणून दादांचं दुःख ऐकताना माझ्या मनात कुठेतरी एक काटा असायचा. एकदा ते रंगात येऊन सांगत होते की आवतण देताना गावातलं एकही घर मी कधी चुकवलं नाही. मी म्हटलं, "एकही नाही? गावातल्या आमच्या वस्तीतलंही नाही?" आई दळण निवडत बसली होती, तिचा हात थांबला. दादा खुर्चीच्या आणखी कडेला सरकले. मग म्हणाले, "नाय. वडाचं झाड हाय तिथं, वळनावर. तिथनं मागं फिरायचो." आई शांतपणे म्हणाली, "आमच्याही गावात तसंच होतं. वळणापर्यंतच यायचा आवाज. आम्हा पोरांना वाटायचं, इतकंच असतं आवतण." दादा उठले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी वहिनींनी दार लावून घेतलं, ते दोन दिवस उघडलं नाही. मला वाईट वाटलं, पण बोलले त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दादा. ह्या वेळी पायऱ्या उतरून उभे नव्हते, बरोबर उंबऱ्याबाहेर उभे होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, टोपी, मूठ बंद. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या वेषात बघितलं नव्हतं. सुवर्णाच्या मुलीचं बारसं त्यांच्या घरी होतं. दादांनी आमच्या घरातल्या कर्त्या माणसाचं नाव घेतलं, आणि ते माझं नाही की माझ्या नवऱ्याचं नाही, माझ्या आईचं घेतलं. ते इतकं खणखणीत होतं की वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले. "उद्या आमच्याकडं बारसं हाय. चूलबंद आवतन. सगल्यांना." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. अक्षतांचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने त्या ओंजळीत घेतल्या, आत गेली आणि तांदळाच्या डब्यात टाकल्या. "तांदूळच ते," ती मला म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने मला चहासुद्धा करू दिला नाही.

दादांनी गाव सोडल्यावर कोणाला दिलेलं हे एकच आवतण. एरवी त्यांना ते हवं असायचं, आणि कोणाकडून ते आम्हाला माहीत होतं. लग्नसराई सुरू झाली की वहिनी तो सदरा धुऊन इस्त्री करायच्या आणि दादा तो दारामागच्या खिळ्यावर अडकवायचे. मी एकदा विचारलं, कुठे जायचंय? "तसा कुठं नाय," ते म्हणाले. "पन आलं आवतन तर? धावपल नको." सराई संपली की सदरा घडी होऊन कपाटात जायचा. दरवर्षी हे चालायचं.

एक प्रसंग मात्र मला आता सारखा छळतो. आम्ही दोघं बाजारातून येत होतो. समोरून एक माणूस आला आणि दादांकडे बघून हसला. हसला म्हणजे तोंडभर हसला, हातसुद्धा वर केला. दादांनी मान खाली घातली आणि झटकन रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी धावतच त्यांना गाठलं. "कोण हो?" "गावचा हाय. जयरामचा पुतन्या." "मग बोलला का नाहीत? तो तर हसत होता." दादा चालत राहिले. "नवीन पोरगा हाय, त्याला काय कलतं. कोनी बघितलं असतं तर फुकट दंड बसला असता बिचाऱ्याला." मला त्यांचं मन किती मोठं आहे असं तेव्हा वाटलं.

त्या पोराला काय वाटलं, ते मला दादांच्या बाराव्याला कळलं. गावातून पाच-सात माणसं आली होती, जयराम म्हात्रे त्यांत होते. वहिनी आतल्या खोलीत होत्या. मी चहा दिला. स्मशानापासून पोटात ठेवलेलं होतं, ते बाहेर आलं. म्हटलं, "मेल्यावर उठवलात का बहिष्कार?" जयराम माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी भलत्याच माणसाबद्दल बोलतेय. "उठवला? ताई, तो कवाच उठवलाय. त्याच वर्षी, तो गाव सोडून गेल्यावर, गनपतीच्या मिटिंगला. मीच उभा ऱ्हायलो, मीच बोल्लो, झालं गेलं, आई गेली त्याची, सोडून द्या." त्यांनी कप खाली ठेवला. "आमी वाट बघली," जयराम म्हणाले. "आज येल, उद्या येल. आला नाय. माजा पुतन्या बाजारान दिसला त्याला, हात केला, तर तोंड फिरवून गेला. मंग आमी बोल्लो, माज हाय. ऱ्हाऊ दे."

मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "पण उठवल्याचं त्यांना सांगितलं कोणी?"

"ग्रुपवर टाकलेलं ना."

"ते ग्रुपवर होते?"

जयरामनी शेजारच्याकडे बघितलं, त्याने तिसऱ्याकडे. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने सांगितलं असेल. आणि घरी जाऊन सांगायचं म्हणजे पहिलं कोणी बोलायचं, हा प्रश्न होताच. तोंड बंद ठेवायची एकदा सवय लागली की ते उघडायलाही धीर लागतो. मी विचारलं, "पूर्वी अशी गावची गोष्ट घरोघर कोण सांगायचं?" आतल्या दारात वहिनी येऊन उभ्या होत्या, आम्हा कोणाला कळलं नव्हतं. उत्तर त्यांनीच दिलं. "हेच सांगायचे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "टाकला तवा पन कोनी सांगितलं नाय. उठवला तवा पन नाय."

तेव्हापासून मी त्या वर्षांचा विचार करत बसते. पहिल्या पावसाळ्यातच दादा मोकळे झाले होते. गावचा रस्ता त्यांना उघडा होता, जयरामच्या ओट्यावर जागा होती, आणि ते मात्र इथे घड्याळ खिशात ठेवून लोकांना वेळ विचारत होते. दार गावाने लावलं होतं हे खरं. पण मग गावाने ते उघडलं आणि दादा आतून कडी धरून बसले, बाहेरच्यांना दंड बसू नये म्हणून. वाळीत टाकलेल्या माणसाचं असंच होतं. थोड्या दिवसांनी त्याला बाहेर ठेवायला कोणी लागत नाही, ते काम तो स्वतःच चोख करतो. हे मी वर्गात शिकवू शकेन. पण तोंडभर हसलेला तो मुलगा आणि रस्ता ओलांडणारे दादा आठवले की मला शिकवायचं सुचत नाही, मला राग येतो, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.

गेल्या पंधरवड्यात जयराम पुन्हा आले. एकटेच, जिना चढून दमलेले. मी वहिनींकडेच बसले होते. त्यांच्या धाकट्या मुलाची हळद होती. दुःखाच्या घरी वर्षाच्या आत कोणी हळदीचं आवतण घेऊन जात नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी आले होते, मूठ बंद करून. पण दारात उभं राहून काय आणि कसं बोलायचं ते त्यांना येईना. "वहिनी, ते… आपल्याकडं हलद हाय… तर या." वहिनी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "असं देतात आवतन? कर्त्या मानसाचं नाव घेऊन देतात. तुमाला म्हाईत नाय?"

जयराम उंबऱ्याबाहेर गेले. उघड्या दारामागे खिळ्यावर सदरा होता. सराई सुरू झाली होती, वहिनींनी सवयीने इस्त्री करून ठेवला होता. जयरामनी तो बघितला. मग म्हणाले, "बालाराम… बालाराम भोईर. आपल्या घरची हलद हाय. चूलबंद आवतन." आणि मोठा माणूस तिथेच पायरीवर बसला. वहिनींनी अक्षता घेतल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि त्यांना पाणी आणून दिलं.

हळदीच्या दिवशी कॉलेजातून आले तर समोरचं दार उघडं होतं. आत गेले. वहिनी घरातल्याच लुगड्यात जमिनीवर बसल्या होत्या, कुठे जाण्याच्या तयारीत नव्हत्या. स्वयंपाकघरात डोकावले. ओटा कोरडा, भांडी पालथी, गॅस सकाळपासून पेटलेला नव्हता. मी घरी आले, आईने केलेल्या भाकऱ्या आणि वालाची भाजी डब्यात भरली आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

वहिनींनी डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "नको ताई," त्या म्हणाल्या. "आज आमचं जेवन गावान हाय."

मी डबा तसाच घेऊन परत आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.